चव उत्तम, मीठ योग्य

१

शुक्रवारी सकाळी पावणेअकराला आमच्या शाळेच्या पेटीवरची खोळ काढली, तर आतून सहावीच्या घटक चाचणीचे पेपर निघाले.

पेटी म्हणजे हार्मोनियम. बोरमळा हायस्कूलची ही पेटी साठ वर्षांपूर्वीची. एका जत्रेला गावानं तमाशा न आणता शाळेला पेटी आणली. त्या वेळचे तरुण आज काठी टेकत हिंडतात, आणि त्यांचा पेटीवर अजून थोडा राग आहे. अभिमान मात्र रागाहून मोठा. वाघोली ओलांडून हमरस्त्यापासून चार किलोमीटर आत आलात की आमचं गाव लागतं. शिवारात आता उंच उंच इमारती उठताहेत, पण सकाळी परिपाठाला पेटी वाजायला लागली की रस्त्यानं जाणारा दूधवाला गाडी बंद करून राष्ट्रगीत संपेपर्यंत उभा राहतो.

मी अस्मिता साळवे. या शाळेची मुख्याध्यापिका, आणि एकेकाळी इथलीच विद्यार्थिनी. जे झालं ते क्रमानं सांगते, कारण या प्रकरणात क्रमालाच महत्त्व आहे.

आमचे शिपाई सोनबामामा यांनी संगीताच्या खोलीतलं कपाट उघडलं. खोळ घातलेली पेटी काढली आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून, कमरेत वाकून, दमादमानं ओट्यावर आणून ठेवली. गेली एकतीस वर्षं ते ती अशीच आणतात. पेटी वाजवणारे आगाशे सर अजून पोचले नव्हते. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना पहिल्यांदाच उशीर झाला होता. मी नववीतल्या ओवीला म्हटलं, आज तू वाजव. ती बसली, पेटी जरा लांब वाटली म्हणून तिनं एका हातानं ती उचलून जवळ घेतली आणि खोळीची गाठ सोडली.

आत खडूचं रिकामं लाकडी खोकं होतं. त्यावर पेपरांचे दोन गठ्ठे पेटीच्या उंचीला बरोबर येतील असे रचलेले. तीनशे मुलं पाय उंच करून बघू लागली. पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला, "मॅडम, माझा पेपर हाय तो, बघू नका."

मी मामांकडं पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते.

बातमी गावात जायला पाच मिनिटं लागली आणि शाळा समितीचे अध्यक्ष सुखदेवअण्णा यायला सात. त्यांनी कपाट पाहिलं, कुलूप पाहिलं. कुलूप शाबूत होतं.

"किल्ली कुणाकडं असती?" अण्णांनी विचारलं.

"माज्याकडं," सोनबामामा म्हणाले. "दुसरी न्हाई."

२

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर साडेअकराला मामांचा निरोपसमारंभ होता. ते निवृत्त होत होते. मंडप येऊन पडला होता. शाल आली होती. शाळेचं जेवण शिजवणाऱ्या कांताबाईंनी साऱ्या शाळेला खिचडी घालायचं कबूल केलं होतं.

"सत्कार कसला करता?" अण्णा माझ्या खोलीत बसून म्हणाले. "जाता जाता मानूस पेटी घेऊन गेला. मॅडम, उद्या अकरापर्यंत पेटी मिळाली तर ठीक. नसंल तर तुमच्या सहीचा अहवाल द्या, सोनबाच्या नावानं. समारंभ बंद."

"अण्णा, मामा असं करतील असं तुम्हाला वाटतं?"

"मला वाटून काय करायचंय? किल्ली बोलती."

मी नववीत असताना सोनबामामा शाळेत लागले. आमची वस्ती ओढ्यापलीकडं, ओढ्याला पाणी असलं की मला उशीर व्हायचा. फाटक बंद करायचं काम मामांचं. मी दिसेपर्यंत ते फाटकाच्या कडीला तेल घालत बसायचे. त्या वर्षी आमच्या फाटकाइतकी तेल प्यायलेली कडी साऱ्या तालुक्यात नसेल. आणि आता त्या माणसाच्या नावानं मी चोरीचा अहवाल लिहायचा होता. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आलं की मी फोन करते.

फोन केला श्यामलाबाई अभ्यंकरांना. बाई शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होत्या, तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या शाळा तपासल्या. मूळच्या शनिवार पेठेतल्या, आता लेकीकडं वाघोलीत राहतात. समारंभाच्या प्रमुख पाहुण्या त्याच होत्या. त्या तपासणीला आल्या की आमचे जुने हेडमास्तर आदल्या दिवसापासून जेवत नसत.

अर्ध्या तासात बाई रिक्षातून उतरल्या. पांढरी साडी, काखेत छत्री, ढगांचा पत्ता नसताना.

"पाणी नको, चहा नको, हार नको," त्या म्हणाल्या. "मला शाळेतली सगळी रजिस्टरं आणून द्या."

"चोरी रजिस्टरात कशी सापडेल, बाई?"

"अहो, रजिस्टर कधी खरं बोलत नाही. पण खोटं कुणाच्या अक्षरात बोलतंय ते दिसतं. आणा."

३

रजिस्टरं येईपर्यंत बाईंनी संगीताची खोली पाहिली. खोली म्हणजे एक टेबल, दोन तबले, एक कपाट आणि भिंतीवर आगाशे सरांच्या वळणदार अक्षरातली पाटी:

'पेटीस हात लावू नये. ज्यांना वाजवता येते त्यांनी परवानगी घ्यावी. ज्यांना येत नाही त्यांनी परवानगीही मागू नये.'

"हे कुठले, पेठेतले का?" बाईंनी विचारलं.

"हो. रोज स्कूटरवरून येतात."

"वाटलंच."

मी बाईंना रोजचा रिवाज सांगितला. सकाळी मामा पेटी कपाटातून काढून ओट्यावर नेतात. परिपाठ झाला की परत आणून टेबलावर ठेवतात आणि खोळ घालतात. दिवसभर तास असतात म्हणून खोली उघडी. संध्याकाळी पाच वाजता मामा पेटी टेबलावरून उचलून कपाटात ठेवतात आणि कुलूप लावतात, कारण उंदीर. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी कुलूप लावलं, शुक्रवारी सकाळी काढलं. म्हणजे चोरी रात्रीतून झाली, आणि किल्ली एकच.

"आणि गुरुवारी तुम्ही कुठं होता?"

"पुण्यात, मुख्याध्यापकांच्या बैठकीला. पूर्ण दिवस."

"काय ठरलं बैठकीत?"

"पुढची बैठक."

बाई हसल्या नाहीत, पण छत्री त्यांनी टेबलावर ठेवली. मग वाकून टेबलाखालच्या फरशीवरून बोटाच्या टोकानं काहीतरी उचललं. नखाएवढी पितळेची पातळ पट्टी. मला ती टाचणीचा तुकडा वाटली. बाईंनी ती रुमालात बांधून ठेवली आणि म्हणाल्या, "आता माणसं पाठवा. एकेक करून."

पहिला आला पोपट. शाळेचा तांदूळ-डाळ आणणारा टेम्पोवाला. अण्णांच्या संशयाच्या यादीत दुसरा नंबर त्याचा होता, कारण गुरुवारी त्याचा टेम्पो बराच वेळ आवारात उभा होता, आणि टेम्पोत पेटी मावते.

"मी गुरवारी आलोच अडीचला," पोपट म्हणाला. "रोज धाला येतोय. त्या दिवशी वाघोलीच्या चौकात टेम्पोच्या इस्प्रिंगचा पाटा तुटला. कांताबाईला इचारा, कशी वराडली ती."

कांताबाईंना विचारावं लागलं नाही, त्या दारातच होत्या.

"वराडू नको तर काय वाती वळू? डब्यात तांदळाचा दाना नव्हता. पोरांस्नी केळी अन् राजगिऱ्याचे लाडू वाटले दुकानातनं आणून. अडीचला हा आला हासत. आन् उतरवून झाल्यावर चाकापाशी झोपला साडेचारपर्यंत. मी बघत हुते त्याच्याकडं, भांडी घासत. पेटी नेली असती तर मला दिसली नसती व्हय?"

पोपट सुटला. उरले अनिरुद्ध सर.

अनिरुद्ध सर आमचे संगणकाचे शिक्षक. वय सव्वीस. गेले वर्षभर त्यांचं आणि आगाशे सरांचं भांडण चालू होतं, कारण प्रार्थनेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड लावावा असं अनिरुद्ध सर म्हणायचे आणि त्यापेक्षा प्रार्थनाच बंद करावी असं आगाशे सर. पेटी नाहीशी झाल्यानं कुणाचा फायदा झाला असेल तर यांचाच.

ते बसले ते खुर्चीच्या कडेवर.

"गुरुवारी दुपारी कुठं होतात?" बाई.

"तासांवर होतो मॅम. बॅक टू बॅक. चार तास."

बाईंनी समोरचं वेळापत्रक बोटानं त्यांच्याकडं सरकवलं. "गुरुवारी दुपारी तुम्हाला दोनच तास आहेत."

अनिरुद्ध सरांच्या कपाळावर घाम आला. ते माझ्याकडं बघायला लागले, मग पंख्याकडं.

"मला ते सांगता येणार नाही," ते म्हणाले. "प्रॉमिस केलंय."

४

आम्ही पुष्कळ विचारलं. ते बधले नाहीत. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "मॅम, एक गोष्ट वियर्ड होती. गुरुवारी आगाशे सरांनी प्रार्थना पेटीशिवाय घेतली. म्हणाले, पेटी आणूच नका, आज नुसत्या गळ्याची परीक्षा. मी म्हटलं वा, म्हणजे चालतं की पेटीशिवाय. तर ओरडले माझ्यावर."

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं.

आगाशे सर स्वतः बारा वाजता आले. स्कूटर पंक्चर झाली म्हणाले. सत्तावन्न वर्षांचा ताठ माणूस, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मी त्यांना बातमी सांगितली तेव्हा त्यांनी खुर्चीची पाठ धरली. अण्णांनी मामांचं काय ठरवलंय ते सांगितल्यावर मात्र ते खालीच बसले.

"सोनबाचं नाव?" ते म्हणाले. "सोनबाचं कशाला?"

"किल्ली त्याच्याकडं हाय," अण्णा म्हणाले.

"उगाच घाई करू नका. पेटी परत येईल. सोमवारपर्यंत वाट पाहा."

"का? पेटी काय म्हायेराला गेलीय?"

आगाशे सर उठून वर्गावर गेले. जाताना संगीताच्या खोलीवरून गेले, पण आत डोकावले नाहीत. मला तेव्हा वाटलं, बिचाऱ्यांना बघवत नसेल.

बाई रजिस्टरांचा ढीग घेऊन बसल्या. हजेरी, हालचाल, वर्गवार तास. प्रत्येकाकडं त्या जुन्या ओळखीच्या, फारशा न आवडणाऱ्या नातेवाइकाकडं बघावं तशा बघत होत्या. शेवटी हाताला आली चव नोंदवही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. शाळेत पोरांना खिचडी देण्याआधी अर्धा तास एका शिक्षकानं ती चाखायची आणि वहीत चव लिहून सही करायची, असा नियम आहे. पाळी ठरलेली असते. बाई मोठ्यानं वाचू लागल्या.

"सोमवार. चव उत्तम, मीठ योग्य. मंगळवार. चव उत्तम, मीठ योग्य. बुधवार. चव उत्तम, मीठ योग्य. तीन वेगळी अक्षरं, एकच जीभ. अस्मिताबाई, या शाळेत मीठ कधीच चुकलं नाही का?"

"महिन्यातून दोनदा चुकतं," मी कबूल केलं.

"तीस वर्षं मी हीच दोन वाक्यं वाचली. दौंडपासून जुन्नरपर्यंत." त्यांनी पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मग वही मिटून छत्रीखाली ठेवली.

"साडेचारला सगळ्यांना शिक्षकखोलीत बोलवा," त्या म्हणाल्या. "अण्णांनाही. आणि कांताबाईंना तर नक्की."

"सापडला का कोण ते?"

"एक सापडला," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याची मला जास्त काळजी वाटते."

५

साडेचारला शिक्षकखोली भरली. आगाशे सर खिडकीपाशी, अनिरुद्ध सर त्यांच्यापासून जितकं लांब बसता येईल तितके लांब. पोपट दारात. कांताबाई पदराला हात पुसत उभ्या. मामा सगळ्यांच्या मागं, हातात पाण्याचा जग घेऊन, म्हणजे आपल्याला काम आहे असं वाटावं.

"मी प्रथम ती खोळ पाहिली," बाईंनी सुरुवात केली. "पेटी चोरणाऱ्याला आत पेपरांचे गठ्ठे रचत बसायचं काय कारण? चोराला परत यायचं नसतं. एसटीत खिडकीच्या सीटवर रुमाल कोण टाकतं? ज्याला परत येऊन बसायचं असतं तो. म्हणजे पेटी नेणाऱ्यानं ती परत आणून ठेवायचं मनात धरूनच नेली. तोवर कुणाला कळू नये, एवढीच त्याची इच्छा."

अण्णा पुढं झुकले.

"मग ही पट्टी." त्यांनी रुमाल सोडला. "शनिवार पेठेत आमच्या घराखाली पेट्या दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. लहानपणी असे तुकडे मी गोळा करायची. पेटीच्या आत प्रत्येक स्वराला अशी पितळी जीभ असते, तिच्या कंपनानं स्वर निघतो. ही तुटलेली जीभ आहे. म्हणजे पेटी जायच्या आधी ती कुणीतरी या खोलीत उघडली होती, आणि उघडणाऱ्याच्या हातून ती मोडली. गुरुवारी सकाळी प्रार्थना पेटीशिवाय झाली, तेव्हा मोडतोड त्याआधीची. आता पेटी उघडायची हिंमत या शाळेत कोण करेल? भिंतीवर ती पाटी असताना?"

बाईंनी चव नोंदवही उघडली.

"आगाशे सर, गुरुवारी चाखायची पाळी तुमची होती."

"होय."

"कशी होती खिचडी?"

"उत्तम होती," आगाशे सर ताबडतोब म्हणाले. "मीठ अगदी योग्य."

"कंची खिचडी?" कांताबाई म्हणाल्या.

आगाशे सरांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं.

"गुरवारी खिचडी नव्हतीच की सर," कांताबाई म्हणाल्या. "केळी दिलीत. तुमाला नव्हती व्हय मिळाली?"

बाईंनी वही सगळ्यांना दाखवली. 'गुरुवार. वेळ १.००. चव उत्तम, मीठ योग्य. गो. वि. आगाशे.' अक्षर पाटीवरच्या अक्षरासारखंच वळणदार.

"जेवणाच्या वेळी तुम्ही शाळेत नव्हता," बाई म्हणाल्या. "जायच्या आधी सही करून गेलात. रकाना रिकामा राहू नये म्हणून. माणूस कितीही अडचणीत असो, त्याचं वळण जात नाही. आणि दुपारचे तुमचे दोन तास अनिरुद्ध सरांनी घेतले."

"मला डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातो म्हणाले होते," अनिरुद्ध सर कळवळून म्हणाले. "कुणाला सांगू नका म्हणाले. सॉरी सर. मी नाही सांगितलं, हं."

आगाशे सरांनी खिशातली दोन्ही पेनं काढून टेबलावर ठेवली. का ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं.

"बुधवारी संध्याकाळी," ते म्हणाले, "सोनबाच्या निरोपाचं गाणं बसवत होतो. काळी चारची पट्टी अडकत होती. म्हटलं आपणच बघू. कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं. मी, ज्यानं एका मुलाला पेटीला नुसतं बोट लावलं म्हणून तासभर बाहेर उभं केलं, त्यानं कर्कटक घातलं पेटीत." ते थांबले. "गुरुवारी स्कूटरवर पुढं ठेवून पेठेत नेली. कारागीर म्हणाला उद्या या. आज सकाळी गेलो, तर म्हणाला उद्या या. मला वाटलं, कुणाला कळायच्या आत होऊन जाईल. मग सोनबाचं नाव आलं, आणि तरी माझं तोंड उघडलं नाही. मला माझी लाज वाटते."

मला त्यांचा राग आला होता. पण एवढा ताठ माणूस वाकलेला पाहवेना.

"राजीनामा लिहून देतो," ते म्हणाले.

"राजीनामा कशाला?" बाई म्हणाल्या. "पाटी काढा. ते जास्त अवघड आहे."

६

अण्णांनी सुस्कारा सोडला. "चला, सोनबा सुटला."

"थांबा," बाई म्हणाल्या. "सोनबा खोटं बोलले आहेत. ते राहिलंच."

मामांनी जग दुसऱ्या हातात घेतला.

"त्या खोक्यानं पेटीची जागा घेतली ती गुरुवारी दुपारी, टेबलावर. आणि त्याच संध्याकाळी पाच वाजता सोनबांनी ती उचलून कपाटात ठेवली. एकतीस वर्षं रोज तीच पेटी उचलणाऱ्या माणसाला पेपरांचे गठ्ठे उचलल्यावर कळणार नाही? नववीतल्या मुलीनं ते एका हातानं उचललं, असं अस्मिताबाईंनीच मला सांगितलं. आणि आज सकाळी सोनबा ते कसं घेऊन आले?"

मला डोळ्यांसमोर दिसलं. दोन्ही हातांनी पोटाशी धरून, कमरेत वाकून, दमादमानं.

"नाटक," बाई म्हणाल्या. "आणि चांगलं वठवलेलं. सोनबा, कालपासून तुम्हाला ठाऊक होतं. कोणी नेली तेही ठाऊक असणार. एक शब्द बोलला असता तर उद्याची शाल तुमची होती. का नाही बोललात?"

मामांनी जगातल्या पाण्याकडं पाहिलं.

"बुधवारी सांजच्याला खिडकी लावाय गेल्तो," ते म्हणाले. "सर पेटीम्होरं बसल्याले. रडत हुते. मानूस मेल्यावानी. म्या खिडकी न लावताच मागं फिरलो. पेटी त्या राती टेबलावरच ऱ्हायली. दुसऱ्या दिशी खोळ उचलली, तवा वळाकलं. म्हनलं, नेली असंल दुरुस्तीला, आनत्याल. ज्यो मानूस पेटीसाठी रडतो त्येला चोर कसं म्हनायचं?"

"पण तुमचं नाव आलं, मामा," मी म्हणाले. "उद्याचा समारंभ गेला असता."

"म्या काय, उद्याच्याला घरी जानार. सरांस्नी अजून वरीसभर पोरांम्होरं हुबं ऱ्हायचंय."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. आगाशे सर उठले, खोली ओलांडून मामांसमोर गेले आणि त्यांच्या हातातला जग काढून स्वतःच्या हातात घेतला. मग सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतत फिरले, आणि बरंचसं टेबलावर सांडलं.

"पाणी पुसा आणि उद्याचं बघा," बाई म्हणाल्या. "कारागीर किती वाजता उघडतो?"

"दहाला."

"आन् समारंभ साडेअकराला," अण्णा म्हणाले. "स्कूटरवर नगं आता. पोपट, टेम्पो घाल."

"घालतो की," पोपट म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी एकदम कांताबाईंकडं पाहिलं.

"पाटा बदलला हाय," पोपट दुखावून म्हणाला.

७

शनिवारी सव्वाअकराला मंडप भरला होता आणि टेम्पोचा पत्ता नव्हता. मामा ओट्यावर खुर्चीत बसले होते, म्हणजे खुर्चीचा जेमतेम चौथा भाग वापरत होते. दर दोन मिनिटांनी उठून ते कुणाला तरी पाणी विचारायचे आणि अण्णा त्यांना परत बसवायचे. बाईंनी घड्याळ बघून छत्री उघडली, मिटली.

अकरा अठ्ठावीसला टेम्पो फाटकातून आत आला. मागं हौद्यात गोणपाटावर आगाशे सर मांडी घालून बसले होते, पेटी मांडीवर, आणि समोरून अनिरुद्ध सरांनी ती दोन्ही हातांनी धरली होती. वाघोलीच्या गर्दीत खड्डा आला की दोघं एकदम "हळू" म्हणायचे, असं पोपटानं नंतर सांगितलं. वर्षभरात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

आगाशे सरांनी माईक घेऊन जे घडलं ते सगळ्या शाळेला सांगितलं. काहीही वगळलं नाही, कर्कटकसुद्धा. मुलं हसली. मग ज्याला तासभर बाहेर उभं केलं होतं त्या मुलाला त्यांनी ओट्यावर बोलावून पेटीवर हवा तो सूर वाजवायला सांगितला, आणि त्यानं संधी साधून सगळेच एकदम वाजवले. भिंतीवर सकाळीच नवी पाटी लागली होती: 'पेटी सर्वांची आहे. हात धुऊन वाजवावी.'

शेवटी मामांना कुणीतरी म्हणालं, तुम्ही वाजवा की. एकतीस वर्षं रोज ती वाहून नेणाऱ्या माणसानं तिच्यावर कधी बोट ठेवलं नव्हतं. त्यांनी धोतराला हात पुसले. आगाशे सरांनी भाता धरला. मामांनी एक पट्टी दाबली आणि ऐकत राहिले, स्वर संपेपर्यंत. "लई हलकी लागती की," ते म्हणाले.

मग जेवणं. नियम तो नियम, म्हणून मी चव नोंदवही आणली आणि म्हटलं, आज पाळी मामांची. आजवर शिपायाची सही त्या वहीत झाली नव्हती. कांताबाईंनी पहिलं ताट त्यांना दिलं. त्यांनी घास घेतला, सावकाश चावला, मग दोन्ही पेनं पुढं करणाऱ्या आगाशे सरांकडून एक घेतलं आणि मान वाकडी करून लिहू लागले.

तोवर आमच्या पानात खिचडी आली होती. पहिला घास तोंडात गेला आणि मी बाईंकडं पाहिलं. बाई माझ्याकडं बघत होत्या. सकाळपासून कांताबाई चुलीपाशी डोळे पुसत होत्या, आणि मीठ घालायचं साफ विसरल्या होत्या.

बाईंनी वही ओढून घेतली. मामांचं अक्षर मोठं, ओळ सोडून वर चढत जाणारं. 'चव उत्तम. मीठ योग्य.' खाली सही, पूर्ण नावाची.

त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ते त्यांच्याकडं असतं. पेनाचं टोपण काढलं, ती ओळ पुन्हा एकदा वाचली, मामांकडं पाहिलं. मामा कांताबाईंना सांगत होते, आजून वाढ थोडी, ब्येस झालीया.

बाईंनी टोपण परत लावलं.

"माझ्या तीस वर्षांत इतकी खोटी नोंद मी पाहिली नाही," त्या म्हणाल्या, आणि तिच्याखाली तपासणी अधिकाऱ्याच्या जागेवर निळ्या शाईनं सही केली.